एकाच कलमाखाली एकाला वर्षभर तुरुंग, दुसऱ्याला न्यायालय उठेपर्यंत कैद: शिक्षा ठरते तरी कशी?

माणदेशी_वाटसरू

जवळपास सारख्याच वस्तुस्थितीत, एकाच कलमाखाली, शेजारच्या दोन न्यायालयांत इतक्या वेगळ्या शिक्षा कशा होतात, आणि झालेली शिक्षा अगदीच नाममात्र वाटली तर मृताच्या कुटुंबाने कोणाकडे दाद मागायची, असे माझे दोन प्रश्न आहेत. मी शिक्षक आहे, कायद्याचे शिक्षण नाही. एखादी संज्ञा चुकली तर जाणकारांनी सांभाळून घ्यावे.

प्रकरण असे. २०१६ च्या पावसाळ्यात माझे मामा संध्याकाळी डेअरीला दूध घालून राज्य महामार्गाच्या कडेने पायी परतत होते. मागून भरधाव आलेल्या मोटारीने त्यांना उडवले आणि ते जागीच गेले. चालक थांबला नाही. पुढच्या गावात लोकांनी गाडी अडवली. घटनास्थळाच्या पंचनाम्यात टायरच्या खुणा डांबर सोडून साइडपट्टीवर उतरल्याचे नोंदलेले आहे, म्हणजे मामा रस्त्यात आले नव्हते. भारतीय दंड संहितेच्या कलम २७९ (अविचाराने वाहन चालवणे) आणि ३०४-अ (हयगयीने मृत्यू घडवणे) खाली गुन्हा दाखल झाला आणि मग तारखा सुरू झाल्या. पंच हजर असले तर सरकारी वकील रजेवर, सरकारी वकील हजर असले तर तपासी अंमलदाराची बदली झालेली आणि समन्स बजावले न गेल्याचा शेरा, असे वर्षानुवर्षे चालले. एक साक्षीदार मध्यंतरी वारला, एक फितूर झाला.

अखेर गेल्या महिन्यात निकाल लागला. आरोपीने हयगयीने व अविचाराने वाहन चालवून मृत्यू घडवला हे सिद्ध झाले, असे निकालपत्रात स्वच्छ शब्दांत लिहिले आहे. त्याखाली शिक्षा आहे न्यायालय उठेपर्यंत कैद आणि दहा हजार रुपये दंड; दंडातून आठ हजार रुपये मामींना भरपाई म्हणून द्यायचे. दुपारी शिक्षा सुनावली गेली, आरोपी मागच्या बाकावर बसून राहिला, संध्याकाळी न्यायालय उठले आणि तो स्वतःच गाडी चालवत घरी गेला. त्याचा वाहन परवानाही शाबूत आहे.

आता शेजारच्या तालुक्यातला निकाल पाहा. तिथे एका दूध टेम्पोच्या चालकाला मोटारसायकलस्वाराच्या मृत्यूबद्दल याच ३०४-अ खाली एक वर्षाची सक्तमजुरी झाली. तो चालक पळाला नव्हता. जखमीला टेम्पोत घालून ग्रामीण रुग्णालयात त्यानेच नेले होते. त्याचा भाऊ माझ्या शाळेत शिपाई असल्याने ती हकीकत मला तपशिलाने ठाऊक आहे. पळून गेलेला मोकळा आणि थांबलेला आत, हे कोणत्या हिशेबात बसते, याचे उत्तर मला दोन्ही निकालपत्रांत सापडले नाही.

आरोपीला आयुष्यभर डांबून ठेवा, असे आमच्या घरात कोणीही म्हणत नाही. विम्याची भरपाई मोटार अपघात न्यायाधिकरणाकडून मिळाली आहे, तेव्हा पैशाचाही प्रश्न नाही. सरकारी वकिलांना अपिलाबद्दल विचारले तर ‘शिक्षा झाली आहे ना, मग आता काय?’ असे उत्तर मिळाले. खरोखर पुढे काहीच करता येत नाही का?

तालुका_वकील

सर, आपल्या मामांबद्दल वाईट वाटले. मी पंचवीस वर्षांहून अधिक काळ फौजदारी काम करतो आणि त्यातील बराच काळ आरोपींच्या बाजूने उभा राहिलो आहे, हे आधीच सांगतो. पुढचे वाचताना ते ध्यानात असू द्यावे.

तुम्ही सांगितलेल्या दोन्ही शिक्षा कायद्याच्या चौकटीत बसतात, आणि मूळ दुखणे तेच आहे. कलम ३०४-अ मध्ये दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही, एवढेच लिहिलेले होते. किमान शिक्षा काहीच नाही. नुसता दंड करूनही न्यायाधीश मोकळे होऊ शकत होते. शून्य ते दोन वर्षे या पट्ट्यात नेमके कुठे थांबायचे, याचे कोणतेही मोजमाप कायद्याने दिलेले नाही आणि तशी मार्गदर्शक तत्त्वेही आपल्याकडे नाहीत.

न्यायाधीश मवाळ असतात, असे लोक म्हणतात. माझा अनुभव जरा वेगळा आहे. शिक्षा ठरवण्याच्या टप्प्याला आपल्या प्रक्रियेत वेळच दिलेला नाही. कमाल दोन वर्षे शिक्षा असलेला गुन्हा हा समन्स खटला म्हणून चालतो, आणि समन्स खटल्यात दोषी ठरवल्यानंतर शिक्षेबाबत स्वतंत्र सुनावणी घेण्याचे बंधन नाही. प्रथा म्हणून आरोपीला विचारले जाते. मग आमच्यासारखे वकील उठतात आणि पाठ केलेले म्हणतात: पहिलाच गुन्हा आहे, घरात एकटाच कमावता आहे, वृद्ध आईवडील आहेत, मुली लग्नाच्या आहेत, इतकी वर्षे प्रत्येक तारखेला न चुकता हजर राहिला. सरकारी वकील एका वाक्यात ‘जास्तीत जास्त शिक्षा द्यावी’ म्हणतात आणि बसतात. आरोपी घटनेनंतर पळाला होता की थांबला होता, त्याच्या परवान्यावर आधीच्या नोंदी आहेत का, मृताच्या मागे कोण आहे, यातले काहीही त्या पाच मिनिटांत कोणी पटलावर आणत नाही. तुमचे पंचनाम्यातील टायरच्या खुणांचे वाक्य दोषसिद्धीपुरते वाचले गेले असेल. शिक्षेच्या वेळी ते कोणी पुन्हा वाचून दाखवले असेल, असे मला वाटत नाही.

आता फौजदारी प्रक्रिया संहितेतील एक तरतूद सांगतो, जी बहुतेक पक्षकारांना माहीत नसते. कलम ३५४ च्या पोटकलम ४ नुसार, एक वर्ष किंवा त्याहून अधिक कैदेस पात्र असलेल्या गुन्ह्यात न्यायालयाने तीन महिन्यांपेक्षा कमी कैद दिली, तर तसे का केले याची कारणे नोंदवावी लागतात. चांगली तरतूद आहे. परंतु तिला दोन अपवाद आहेत. एक, खटला संक्षिप्त पद्धतीने चालला असेल तर. आणि दुसरा, शिक्षा ‘न्यायालय उठेपर्यंत कैद’ अशी असेल तर! म्हणजे दोन महिने कैद देणाऱ्या न्यायाधीशाने कारणे लिहायची आणि दोन तास बाकावर बसवणाऱ्याने लिहायची नाहीत. याउलट, परिवीक्षेवर, म्हणजे तुरुंगात न पाठवता चांगल्या वर्तनाच्या हमीवर, सोडण्याजोग्या आरोपीला न सोडता शिक्षा दिली, तर कलम ३६१ प्रमाणे विशेष कारणे द्यावी लागतात. कामाच्या ओझ्याखाली दबलेला दंडाधिकारी कोणत्या वाटेने जाईल, हे सांगायला ज्योतिषी नको. जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही न्यायालय उठेपर्यंतच्या कैदेचा तो अपवाद तसाच उचलून ठेवला आहे.

वरच्या न्यायालयांत तरी एकवाक्यता आहे का? वांद्र्याच्या कार्टर रोडवर नोव्हेंबर २००६ मध्ये पदपथावर झोपलेले सात मजूर मोटारीखाली मेले. सत्र न्यायालयाने ३०४-अ खाली सहा महिने साधी कैद दिली. मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये तेच कृत्य ३०४ भाग दोन खाली, म्हणजे सदोष मनुष्यवध मानून तीन वर्षे केली आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्ये ती कायम ठेवली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दिल्लीच्या लोधी मार्गावरील बीएमडब्ल्यू प्रकरण त्याच न्यायालयासमोर होते. १९९९ ची घटना, सहा मृत्यू. तिथेही गुन्हा ३०४ भाग दोनचाच धरला गेला, पण भोगलेली शिक्षा पुरेशी मानून पन्नास लाख रुपये भरण्याचा आणि दोन वर्षे समाजसेवेचा आदेश झाला. कलम एक, न्यायालय एक, वर्षही एक. दोन्ही निकालांत आपापली कारणे आहेत, ती मी वाचली आहेत. पण एका निकालाचे मोजमाप दुसऱ्याला लावून पाहिले तर ते बसत नाही.

हे न्यायालयाला ठाऊक नाही असेही नाही. केरळमधील विषारी दारूच्या एका प्रकरणात २०१२ च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयानेच म्हटले की शिक्षा देणे हा फौजदारी न्यायाचा गाभा असला तरी आपल्याकडे तोच सर्वांत दुबळा भाग आहे. त्याआधी २००३ मध्ये फौजदारी न्यायव्यवस्थेच्या सुधारणेसाठी नेमलेल्या मलिमठ समितीने शिक्षेची मार्गदर्शक तत्त्वे आखण्यासाठी वैधानिक समितीची शिफारस केली होती. मे २०२४ मध्ये बिहारमधील एका खटल्याच्या निमित्ताने सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला सर्वंकष शिक्षाधोरणाचा विचार करण्यास पुन्हा सांगितले. कागदावर विषय दोन दशके फिरतो आहे, एवढाच याचा अर्थ.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर रात्री सविस्तर लिहितो. आता न्यायालयात जायचे आहे.

रोखठोक

वकीलसाहेबांनी सभ्य भाषेत लिहिले आहे, मी सरळ विचारतो. पुण्यात कल्याणीनगरला मे २०२४ मध्ये दोन तरुण अभियंते पोर्शखाली मेले आणि काही तासांत तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची शिक्षा झाली. ज्या राज्यात असे घडते तिथे वाटसरूंच्या मामींना आठ हजार मिळाले याचे नवल ते काय? पैसेवाल्याला एक न्याय आणि टेम्पोवाल्याला दुसरा, हे मोजमाप सर्वांना पाठ आहे. शिवाय नवा कायदा आला म्हणून जाहिराती झाल्या. त्यात तरी काही बदलले आहे का, की नुसते कलमांचे क्रमांक?

निवृत्त_आगारवाला

मी एसटीच्या आगारात आयुष्य काढले. आमच्या चालकांच्या हातून अपघात झाला की पंचनाम्यापासून निकालापर्यंत माझा संबंध येत असे, त्यामुळे या विषयाची दुसरी बाजू मांडतो. वाटसरू सरांच्या दुःखाला कमी लेखण्याचा हेतू नाही.

३०४-अ खाली आरोपीच्या पिंजऱ्यात कोण उभे राहते, हे आधी पाहा. मोटारीचे मालक अधूनमधून दिसतात. बाकी ट्रक, टेम्पो, ट्रॅक्टर, एसटी चालवणारे पगारी लोक. टेम्पोवाल्याला पहाटे तीनला उठवून दुधाच्या फेऱ्या करायला लावणारा आणि एकही फेरी चुकली तर पैसे कापणारा मालक कोणत्याही आरोपपत्रात नसतो. ब्रेक घासलेली गाडी रस्त्यावर पाठवणाराही सहसा नसतो. रस्त्याच्या वळणावर फलक नव्हता, साइडपट्टी खचली होती, याबद्दल कोणाला कधी न्यायालय उठेपर्यंतसुद्धा बसवल्याचे मी पाहिले नाही.

दुसरे म्हणजे, शिक्षा आकड्यांत सारखी असली तरी ती माणसागणिक सारखी पडत नाही. मोटारमालकाला सहा महिने झाले तर तो जामिनावर राहून वरच्या न्यायालयात जातो आणि त्याचे दुकान चालूच राहते. एसटीच्या चालकावर दोषसिद्धी आली की फौजदारी शिक्षा राहते बाजूला, आधी निलंबन, मग खातेनिहाय चौकशी आणि पुष्कळदा बडतर्फी. म्हणून आमचे चालक शिक्षा कमी करा असे म्हणण्याऐवजी परिवीक्षा कायद्याचा लाभ मागत, कारण त्या कायद्याच्या कलम १२ मुळे दोषसिद्धीमागून येणारी अपात्रता टळते. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली हरियाणातील एका प्रकरणात असा लाभ ३०४-अ मधील चालकांना सहजी देऊ नये असे सांगितले आणि तो मार्ग अरुंद झाला. धडा बसावा हा त्यामागील हेतू मला मान्य आहे. पण धडा बसला तो ज्याला बडतर्फीची भीती होती त्यालाच.

पळून जाण्याबद्दलही एक गोष्ट सांगितली पाहिजे. अपघातानंतर थांबलेल्या चालकाला जमाव कसा तुडवतो, हे मी रुग्णालयाच्या खाटेवर पाहिले आहे. दंड संहितेच्या जागी आणलेल्या नव्या न्याय संहितेत पळणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद झाली तेव्हा जानेवारी २०२४ मध्ये देशभर चालकांनी गाड्या उभ्या केल्या, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, त्यामागे हीच भीती होती. तरीही सरांचा मुद्दा मला पूर्ण पटतो की पळालेल्यापेक्षा थांबलेल्याला कमी शिक्षा झाली पाहिजे. शेजारच्या तालुक्यातील तो टेम्पोवाला आमच्या आगारात असता तर मी त्याच्यासाठी स्वतः साक्ष दिली असती. शिक्षा सरसकट वाढवल्याने मात्र हा उलटा हिशेब सुलटा होणार नाही. पकडले जाण्याची आणि खटला दोन वर्षांत निकाली निघण्याची खात्री असती, तर दोन वर्षांची कमाल मर्यादाही पुरेशी होती, असे माझे मत आहे.

टेम्सकाठ

मी मूळची सांगलीची. इंग्लंडमध्ये बरीच वर्षे राहते आणि इथल्या एका न्यायालयात दुभाषी म्हणून काम करते. इथे या प्रश्नावर काय केले आहे, ते थोडक्यात सांगावेसे वाटले.

इंग्लंड आणि वेल्ससाठी २०१० पासून शिक्षाविषयक परिषद आहे. एकेका गुन्ह्यासाठी ती मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध करते आणि न्यायाच्या हिताला बाधा येत नसेल तर न्यायाधीशाला ती पाळावीच लागतात. बेपर्वा वाहन चालवून मृत्यू घडवल्यास आधी दोषाची पातळी ठरवायची: क्षणभराचे दुर्लक्ष होते, की धोकादायक चालवण्याच्या उंबरठ्यावरचे वर्तन होते? त्या पातळीला एक प्रारंभबिंदू आणि एक पट्टा दिलेला असतो. मग शिक्षा वाढवणाऱ्या आणि कमी करणाऱ्या गोष्टींचा विचार होतो. घटनास्थळी थांबून मदत केली, तर ते आरोपीच्या बाजूने धरले जाते. पहिल्याच संधीला गुन्हा कबूल केल्यास शिक्षेत एक तृतीयांशापर्यंत सूट मिळते. या सर्व पायऱ्या न्यायाधीश भर न्यायालयात मोठ्याने बोलून दाखवतात. मृताची आई किंवा पत्नी बसलेली असते, तिला शिक्षा पटो वा न पटो, पण ती कुठून आली हे कळते. मी कित्येकदा ती वाक्ये मराठीत किंवा हिंदीत एखाद्या कुटुंबाला सांगितली आहेत. ऐकणारे रडतात, चिडतात, पण ‘असे का?’ हा प्रश्न घेऊन घरी जात नाहीत.

परवान्याचा मुद्दा वाटसरूंनी ओझरता लिहिला, तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. इथे अशा दोषसिद्धीनंतर वाहन चालवण्यास बंदी अनिवार्य आहे. बेपर्वाईने मृत्यू घडवल्यास किमान एक वर्ष, धोकादायक चालवून घडवल्यास २०२२ पासून किमान पाच वर्षे. भारताच्या मोटार वाहन कायद्याच्या कलम २० मध्येही न्यायालयाला अशी बंदी घालता येते. मग ती मागितली का जात नाही?

शिक्षा फारच कमी वाटली तर ठरावीक गंभीर गुन्ह्यांत कोणीही नागरिक, अगदी खटल्याशी संबंध नसलेलासुद्धा, अठ्ठावीस दिवसांच्या आत महाधिवक्त्यांकडे (सरकारच्या सर्वोच्च कायदा अधिकाऱ्याकडे) फेरविचाराची विनंती करू शकतो. धोकादायक चालवून मृत्यू घडवणे त्यात येते. बेपर्वाईने घडवणे येत नाही. पुढे अपील न्यायालयात न्यायचे की नाही, हे महाधिवक्ते ठरवतात.

हे वाचून इथे सारे आलबेल आहे असे मात्र समजू नये. तुरुंग इतके भरले की सप्टेंबर २०२४ पासून अनेक कैद्यांना शिक्षेचा चाळीस टक्के भाग भोगल्यावर सोडावे लागले, आणि ‘न्यायाधीशाने मोठ्याने वाचून दाखवलेली वर्षे गेली कुठे?’ असे आता मृतांचे नातलग विचारत आहेत. परिषदेच्या अधिकारांवरूनही २०२५ मध्ये सरकारशी जाहीर वाद झाला.

माणदेशी_वाटसरू

सर्वांचे आभार. आगारवाले काका, मालकांबद्दल तुम्ही लिहिलेले मी शाळेतल्या त्या शिपायाला वाचून दाखवले. भावाच्या खटल्यात मालकाचे नाव एकदाही निघाले नव्हते, असे तो म्हणाला. आमच्या प्रकरणात आरोपी हाच गाडीचा मालक होता आणि त्याला कोणी वेळेचा धाक घातलेला नव्हता, एवढा फरक नोंदवतो.

वकीलसाहेब, कारणे लिहिण्याच्या अपवादाबद्दल वाचून मी निकालपत्र पुन्हा काढले. एकूण तेवीस पानांत शिक्षेवरचा परिच्छेद सात ओळींचा आहे. ‘आरोपीचे वय, कौटुंबिक जबाबदाऱ्या व खटल्यास लागलेला कालावधी पाहता’ इतकेच त्यात आहे. खटल्यास लागलेला कालावधी आरोपीच्या पदरात पडतो, तर मामींच्या पदरात काय पडते? आणि परवान्याबद्दल एक अक्षरही नाही. पुढचा मार्ग सांगावा, ही विनंती.

तालुका_वकील

आधी रोखठोक यांच्यासाठी दोन शब्द. कल्याणीनगरचा निबंध ही शिक्षा नव्हती. बाल न्याय मंडळाने अल्पवयीन मुलाला जामीन देताना घातलेल्या अटींपैकी ती एक अट होती. राग समजू शकतो, पण जामीन आणि शिक्षा यांची गल्लत झाली की वादात आपलीच बाजू लंगडी पडते.

नव्या कायद्यात फरक आहे. न्याय संहितेच्या कलम १०६ (१) मध्ये कमाल शिक्षा पाच वर्षे झाली आणि कैदेबरोबर दंड, अशी रचना असल्याने नुसत्या दंडावर सुटका होत नाही. पाच वर्षांमुळे हा आता वॉरंट खटला, म्हणजे दोन वर्षांहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांसाठीचा खटला, होतो, तेव्हा शिक्षेबाबत आरोपीचे म्हणणे ऐकणे बंधनकारक झाले. त्या सुनावणीत फिर्यादी पक्षानेही तयारीने उभे राहायला हवे. किमान शिक्षा मात्र अजूनही नाही, म्हणजे न्यायालय उठेपर्यंतची कैद तत्त्वतः आजही शक्य आहे. आणखी गंमत अशी की हा खटला प्रथमवर्ग दंडाधिकाऱ्यापुढे चालतो आणि त्याला तीन वर्षांपेक्षा जास्त कैद देण्याचा अधिकारच नाही. अधिक हवी तर प्रकरण मुख्य न्यायदंडाधिकाऱ्याकडे पाठवावे लागते. पळून जाणाऱ्यांसाठीची दहा वर्षांची तरतूद संपानंतर स्थगित ठेवली गेली. वाटसरू सरांची घटना २०१६ ची असल्याने शिक्षेच्या बाबतीत त्यांना हे काहीच लागू नाही.

आता सर, तुमचा मार्ग. पीडिताला अपिलाचा अधिकार २००९ च्या दुरुस्तीने मिळाला, परंतु तो आरोपी सुटला, कमी गंभीर गुन्ह्याखाली दोषी ठरला किंवा भरपाई अपुरी मिळाली, या तीन प्रसंगांपुरता. शिक्षा अपुरी आहे म्हणून पीडिताला त्या तरतुदीखाली अपील करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. शिक्षावाढीचे अपील सरकार करू शकते आणि दंडाधिकाऱ्याच्या निकालावर ते सत्र न्यायालयात जाते. सरकारी वकिलांच्या तोंडी उत्तरावर थांबू नका. सहायक संचालक, अभियोग यांच्याकडे लेखी अर्ज देऊन पोच घ्या. मात्र या अपिलाची मुदत तीस दिवसांची असते, आणि तुमचा निकाल गेल्या महिन्यातला आहे. ती उलटली असेल तर विलंबमाफीचा अर्ज जोडावा लागेल, आणि तो सरकारला जोडायला लावणे हे वेगळेच काम आहे.

म्हणून तुमच्या हातातला खरा मार्ग सत्र न्यायालयात रिव्हिजन अर्जाचा, म्हणजे खालच्या न्यायालयाचा निकाल तपासून पाहण्याच्या विनंतीचा. तो मामी स्वतः करू शकतात. मुदत नव्वद दिवसांची आहे आणि निकालाची प्रमाणित नक्कल मिळण्यात गेलेले दिवस त्यातून वगळले जातात. नकलेचा अर्ज उद्याच टाका. शिक्षा वाढवण्यापूर्वी आरोपीला म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागेल, म्हणजे पुन्हा नोटीस, पुन्हा तारखा, याची मनाची तयारी हवी. मुद्दे चार मांडा: शिक्षेचा परिच्छेद सात ओळींचा आहे आणि त्यात पळून जाण्याचा उल्लेख नाही, साइडपट्टीवरील खुणांचा शिक्षेशी संबंध जोडलेला नाही, कलम २० खाली परवान्याचा विचारच झालेला नाही, आणि विलंबात आरोपीचा वाटा किती, हे तपासलेले नाही. त्यासाठी रोजनाम्याच्या नकलाही काढा, कोणत्या तारखा कोणाच्या अर्जावरून गेल्या ते त्यात सापडते. आमच्या बाजूचे वकील ‘तो प्रत्येक तारखेला हजर होता’ असे म्हणतात तेव्हा मुदतवाढीचे अर्जही त्यानेच दिलेले असतात, हे पुष्कळदा खरे असते.

आधाराला सर्वोच्च न्यायालयाचा २०१५ चा पंजाबमधील निकाल घ्या. दोन मृत्यूंच्या त्या प्रकरणात उच्च न्यायालयाने भरपाईकडे बोट दाखवून एक वर्षाची शिक्षा भोगलेल्या चोवीस दिवसांवर आणली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती सहा महिने केली आणि ३०४-अ मधील शिक्षेकडे कायदेमंडळाने नव्याने पाहावे, असेही लिहिले. भरपाईसाठी २०१३ चा महाराष्ट्रातील निकाल आहे. प्रत्येक दोषसिद्धीत भरपाईचा विचार करून तशी नोंद करणे न्यायालयाचे कर्तव्य असल्याचे त्यात म्हटले आहे, त्यामुळे आठ हजारांचा आकडा कशाच्या आधारे आला हेही विचारता येते, आणि अपुऱ्या भरपाईपुरते मामींना अपीलही आहे.

वर्षभराची कैद मिळेल, असे मी सांगणार नाही. इतक्या वर्षांनी सत्र न्यायालये सहसा तिथपर्यंत जात नाहीत. परवान्यावरील बंदी आणि काही महिन्यांची कैद, इथपर्यंत प्रयत्न करण्याजोगा आहे. नक्कल हातात आली की तो सात ओळींचा परिच्छेद आरोपीचे नाव झाकून इथे टंकून टाका, मसुद्यात कोणते शब्द धरायचे ते पाहू.